आधी बर्फ, मग ओटीपी

“ओटीपी मिळणार नाही.”

दार उघडल्या उघडल्या प्रांजलने सांगून टाकलं. दारातल्या मुलाचं बोट अजून बेलवरच होतं. खांद्याला टूलबॅग, घामाने पाठीला चिकटलेला कंपनीचा निळा टीशर्ट, आणि डोळे असे, की वैताग आला तरी आधी हसून घेणारे.

“मी अजून मागितला कुठे?” तो म्हणाला.

“मागाल. तुमच्याआधी आलेल्याने मागितला होता. म्हणे, मॅडम, जॉब चालू करायला लागतो. मी बावळट, दिला. तो फ्रिजला हात न लावता गेला आणि मला मेसेज… आपली तक्रार सोडवताना आम्हाला आनंद होत आहे.”

“झाला असेल त्यांना.”

“मला नाही झाला.”

तो हसला. “मी चैतन्य. फ्रिज बघू, की इथेच उभ्याने भांडायचं? मला दोन्ही चालेल.”

माणसं प्रेमात कुठेही पडतात. कुणी समुद्रावर, कुणी दुसऱ्याच्या लग्नाच्या मांडवात. प्रांजल पडली ती दहिसरच्या घरात, फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या हातभर फटीत. तिला ते कळायला मात्र वेळ लागला. बायकांना म्हणे सगळं आधी कळतं. कसलं काय.

त्या घरात फ्रिज म्हणजे नुसता फ्रिज नव्हता. तिची आई वनमाला, मूळची मालवणकडची, ओल्या खोबऱ्याचं वाटण करून विकायची. समोरच्या टॉवरमधल्या नोकरीवाल्या बायका संध्याकाळी घरी जाता जाता डबा घेऊन जात आणि त्यांच्या घरी आयतं कालवण होई. आणि ओलं खोबरं कुणाची भीड ठेवत नाही. गारवा गेला की आंबलं. मागच्या आठवड्यात दोन बायकांनी डबे परत आणून दिले होते, काही न बोलता. आईला ते ‘काही न बोलता’ फार लागलं होतं. नवा फ्रिज, वर्षही झालं नव्हतं, पण वॉरंटी आता संपायलाच आली होती.

चैतन्यने फ्रिज पुढे ओढला, मागे शिरला आणि म्हणाला, “टॉर्च धरता?”

प्रांजलने मोबाइलचा टॉर्च धरला. त्याने वाटीत साबणाचा फेस केला आणि ब्रशने नळीवर लावत गेला. जिथे गॅस बाहेर येतो तिथे फेस फुगतो, तो म्हणाला. दोघं बघत राहिले. काहीच होईना… आणि मग नळी जिथे फ्रिजच्या पोटात शिरते, तिथे एक इवलासा बुडबुडा आला. हळूहळू मोठा झाला. टॉर्चच्या उजेडात त्यावर रंग फिरायला लागले.

“श्वास सोडा,” चैतन्य हळूच म्हणाला. “फ्रिजचा गॅस जातोय, तुमचा नाही.”

तिने श्वास सोडला आणि बुडबुडा फुटला.

“कॉइल आतून लीक आहे,” तो म्हणाला. “मी गॅस भरून देतो, पण तो राहायचा नाही. असा फ्रिज बदलूनच द्यायला हवा.”

“मग द्या.”

“कंपनी म्हणते, पार्ट येतोय.”

“कधी? लेखी द्या.”

प्रांजल बोरिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर होती. तिथे कागदावर नाही ते झालंच नाही, असा हिशोब. तोच ती घरीदारी लावायची, अगदी भाजीवाल्यालाही.

“आणि ओटीपी?” त्याने दारात बूट घालता घालता विचारलं.

“आधी बर्फ, मग ओटीपी.”

बर्फ झाला, पण चार दिवस टिकला. चैतन्य पुन्हा आला. पुन्हा गॅस, पुन्हा फेस, पुन्हा टॉर्च. आता टॉर्च धरायला सांगावं लागत नव्हतं. फटीतून बाहेर येताना त्याच्या कोपराला तिची ओढणी अडकली, ती त्याने इतक्या हळू सोडवली, जणू तीच गॅसची नळी होती.

“मॅडम, तुम्ही सगळ्यांशीच असं भांडता?”

“नाही. जे ऐकून घेतात त्यांच्याशीच.”

“म्हणजे माझा नंबर लागला.”

“प्रांजल म्हणा. मॅडम ऐकलं की लॅबमध्ये असल्यासारखं वाटतं.”

“मग ‘म्हण’ म्हण ना.”

स्वयंपाकघरातून आईची हाक आली, “रे झिला, ये हय. घावन खा गरम गरम.” तो संकोचत जमिनीवर बसला.

“खंयचो रे तू?”

“घाटकोपर. मूळचे आम्ही सांगलीकडचे.”

“आडनाव काय तुझा?”

“कांबळे.”

आईचा उलथनं धरलेला हात जरासा थांबला. प्रांजलला ते दिसलं. चैतन्यलाही दिसलं, त्याला ते थांबणं लहानपणापासून ओळखीचं होतं. तव्यावर घावन चुरचुरत राहिला. मग आईने तो उचलला आणि त्याच्याच ताटात टाकला. “घे. पोराच्या जातीक भूक तेवढी म्हायत,” असं काहीतरी पुटपुटली आणि वर चमचाभर वाटणाची चटणी वाढली. प्रांजलने खिडकीकडे बघत डोळे पुसले. मिरच्यांचा खकाणा असेल.

पुढच्या खेपेला चैतन्य आला तो हसलाच नाही. फ्रिज उघडून बघितला, बंद केला, आणि तिथेच स्टुलावर बसला.

“काय झालं?”

“काही नाही.”

“लेखी दे.”

तेव्हा कुठे त्याचे ओठ हलले. साकीनाक्याच्या ज्या एजन्सीतर्फे तो कंपनीची कामं करायचा, तिथल्या मॅनेजरने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. हा एकच कॉल किती दिवस उघडा ठेवणार? आज ओटीपी आण, नाहीतर रिपोर्टमध्ये लिही की ग्राहकाने फ्रिज नीट वापरला नाही. दोन्ही जमत नसेल तर आयडी बंद, म्हणजे कामच बंद.

“मग जा की दुसरीकडे,” प्रांजल म्हणाली.

“माझं आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट त्यांच्याकडे आहे. कामाला लागताना ठेवून घेतात. तेवढा एकच कागद आहे गं माझ्याकडे दाखवायला.”

‘गं’ आलं, ते दोघांनाही ऐकू आलं.

आई दारात उभी होती. “देवन टाक तो नंबर,” ती म्हणाली. “पोराचो जीव कित्याक खातंस? माझा काय, पाट्यार वाटीन रोज ताजा.” तिचे दुखरे गुडघे प्रांजलला माहीत होते. पाटा कधीच माळ्यावर गेला होता.

प्रांजलने मोबाइल उचलला. नंबर दिला की तक्रार बंद, आणि वॉरंटी संपली की फ्रिज म्हणजे कपड्यांचं कपाट. नाही दिला तर समोर बसलेला हा… तिने मेसेज उघडला. घसा खाकरला.

“सात… चार…”

चैतन्यने पुढे होऊन तिच्या मोबाइलवर हात ठेवला. म्हणजे अर्धा मोबाइलवर, अर्धा तिच्या बोटांवर.

“नको.”

“अरे, पण तुझा आयडी—”

“तू पहिल्या दिवशी दारात जे बोललीस ना, ते बरोबर होतं. मी आजवर लोकांचे बरेच ओटीपी घेतलेत, प्रांजल. फ्रिज बंद असताना. म्हाताऱ्या माणसांचेसुद्धा.” त्याने हात काढला नाही. “तुझा नाही घेववत.”

मग त्याने बॅगेतून जॉबशीट काढलं आणि गुडघ्यावर ठेवून सावकाश लिहिलं— कॉइल आतून लीक. ग्राहकाची चूक नाही. दोनदा गॅस भरून उपयोग नाही. फ्रिज बदलून द्यावा. खाली सही केली आणि एक प्रत तिच्या हातात दिली.

“घे. लेखी.”

दुसऱ्या दिवशी त्याचा आयडी बंद झाला.

प्रांजलने १९१५ला, ग्राहकांच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, जॉबशीटचा फोटो जोडला. कंपनीला मेल केला, की बिघाड वॉरंटीत असताना कळवलाय, तेव्हा तो तुमच्याच अंगावर, आणि नाही बदललात तर ग्राहक आयोगात येईन, तिथे वकील नसला तरी माझं मी बोलू शकते. मग चैतन्यला फोन केला.

“सर्टिफिकेट आणायला कधी जायचंय?”

“जायचंय? कोण कोण?”

“मी सुट्टी टाकलीये. नाटकं करू नकोस.”

साकीनाक्याच्या त्या गल्लीत लेथ मशीनचा आवाज आणि जळक्या ग्रीसचा वास. एजन्सीच्या जिन्यात प्रांजल थांबली.

“आत तू बोलायचंस. सर्टिफिकेट तुझं आहे. मी मागे उभी राहते.”

“टॉर्च धरून?”

“टॉर्च धरून.”

मॅनेजरने मान वर केली नाही. “सर्टिफिकेट डिपॉझिट असतं. एजन्सीचा नियम आहे.”

प्रांजलची जीभ वळवळली, तिने ती दातांत धरली. बाहेर लेथ घरघरत होतं. शेवटी चैतन्य म्हणाला, “ठीक आहे साहेब. मग तसं लेखी द्या. माझं मूळ सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे आणि तुम्ही देत नाही. सही-शिक्का मारून. मी तो कागद घेऊन कामगार आयुक्तांच्या ऑफिसला विचारतो, हा नियम त्यांना माहीतये का.”

मॅनेजरने आता मान वर केली. चैतन्यकडे बघितलं, मागच्या मुलीकडे बघितलं. कपाट उघडलं, प्लास्टिकचं फोल्डर काढलं आणि टेबलावर सरकवलं. “जास्त शहाणा झालास.”

“संगत,” चैतन्य म्हणाला.

खाली रस्त्यावर आल्यावर तो ते फोल्डर छातीशी धरून नुसता उभा राहिला. प्रांजलने विचारलं, चहा घेऊ या? त्याने मान डोलावली.

चैतन्यला मुलुंडला एका एसीच्या दुकानात काम मिळालं. चांगलंच झालं. वाईट एवढंच, की मुलुंडहून दहिसरला यायला आता काही कारण उरलं नाही. रात्री ‘जेवलीस?’ असा मेसेज येई, ती ‘हो’ लिही, आणि मग दोघंही फोनकडे बघत बसत. ती टॉवरमधल्या बायकांच्या अर्ध्या ऑर्डरींना नाही म्हणणाऱ्या आईकडे बघायची आणि कंपनीला आणखी एक मेल ठोकायची. राग कुठला, विरह कुठला, मेलमध्ये कळत नाही, हे बरंय.

आणि एका सकाळी कंपनीचा फोन आला. फ्रिज बदलून मिळणार होता.

“नवीन येतोय रविवारी,” तिने चैतन्यला सांगितलं. “बघायला येशील?… म्हणजे, तपासायला.”

तो आला. नव्या फ्रिजभोवती तीन वेळा फिरला, मागे शिरला, उगाचच फेस लावला. बुडबुडा आला नाही. दुपारी तक्रार बंद करायला कंपनीतून फोन आला, मॅडम, ओटीपी? दोघंही एकदम म्हणाले, “आधी बर्फ!”

संध्याकाळी आईने बर्फाचा ट्रे पिळला आणि खडे परातीत खळखळले. टॉवरमध्ये फोन करायला ती गॅलरीत गेली. तिचा आवाज आज मोठा होता. पुन्हा कंपनीचा फोन आला. प्रांजलने तो वाजू दिला.

“दे की आता,” चैतन्य म्हणाला. “काय राहिलंय?”

“दिला की कॉल बंद.”

“मग?”

“मग काही नाही… कॉल बंद झाला की माणूस येत नाही. तुमच्या लाइनीत असंच असतं ना.”

“मी आता त्या लाइनीत नाही.” त्याने कानामागे खाजवलं. “प्रांजल, मी येईन. फ्रिज चालू असताना.”

“लेखी दे,” ती म्हणाली, आणि आवाज अगदीच फितूर झाला.

त्याने खिसे चाचपले. पेन नव्हतं. मग फ्रिज उघडून त्याने वाटणाचा स्टीलचा डबा बाहेर काढला. बाहेरच्या दमट हवेत डब्यावर बघता बघता धुकं धरलं. चैतन्यने बोटाने त्यावर लिहिलं— येईन.

अक्षरांखालून पाण्याचा एक थेंब ओघळला.

“हे पुसलं जाईल,” प्रांजल म्हणाली.

“मग रोज येऊन लिहावं लागेल.”

फोन पुन्हा वाजायला लागला. तिने उचलला, त्याच्याकडे बघत एकेक आकडा सावकाश सांगितला, आणि ठेवला. गॅलरीतून आई आत आली. दोघांच्या मध्ये धरलेल्या डब्याकडे तिने बघितलं, डब्यावर काय लिहिलंय तेही वाचलं.

“डबो आत ठेवा आधी, आंबात तो,” ती म्हणाली. “आणि तू खंय चललंस? सुरमईचा कालवण आसा. जेवल्याशिवाय जाव नको.”