निळा वाडगा

जपानातल्या आमच्या हागी गावात शेजाऱ्याच्या उन्हाळी संत्र्याची फांदी भिंतीवरून आपल्याकडे येणं काही नवीन नाही. पण त्या दिवशी संत्रं थेट आमच्या वड्या वाफवायच्या ताटात पडलं. आमचं दुकान माशाच्या वड्यांचं. अर्धं ताट वाया गेलं. संत्रं उचलून मी शेजारी गेलो, भांडायलाच.

दार शेजारच्या मावशींच्या भाचीनं उघडलं. मिसाओ. मावशीकडे नुकतीच राहायला आली होती. तिनं संत्रं हातात घेतलं, त्याचा वास घेतला आणि म्हणाली, "पिकलंय की. पडणारच."

संध्याकाळी मात्र तिच्याकडून माफी आली. तेच संत्रं कोरून, आत रसाची जेली ओतून, वर देठासकट झाकण ठेवून, निळ्या काचेच्या वाडग्यात. गारेगार. मी ते मांडीवर घेऊन सुरी लावली, आणि सगळी जेली मांडीवर सांडली. ती जमलीच नव्हती.

वाडगा रिकामा परत करत नाहीत. आईनं त्यात वड्या घातल्या आणि मलाच पाठवलं. मी मिसाओला जेलीबद्दल सुनावलं. तिनं मान खाली घातली, पुन्हा करते म्हणाली. वाडगा पुन्हा आला. जेली पुन्हा पातळ.

सगळा उन्हाळा वाडगा असा येत-जात राहिला. मी वैतागायचो. नाही आला तर जास्तच. शेवटी आईनं सांगितलं, चायना ग्रास आधी पाण्यात एकटं उकळायचं, चुलीवरून उतरवायचं, मग आंबट रस घालायचा. दोन्ही एकत्र उकळलं तर जेली धरत नाही. मी मिसाओला हे समजावून आलो.

"हो का? विसरतेच मी…" ती म्हणाली.

पुन्हा पातळ.

मग एकदा वाडगा घेऊन मावशीच आल्या. या वेळी जेली अशी जमली होती की सालीसकट फोडी झाल्या. मावशी म्हणाल्या, रविवारी मिसाओला बघायला शिमोनोसेकीची मंडळी यायची आहेत, वाडगा त्याआधी पाठवा, पाचांचा संच आहे, पाहुण्यांना लागेल.

मी पाठवला नाही. शनिवारी मिसाओ स्वतः आली, कपाळावर आठ्या घालून.

"वाडगा द्या."

"नाही देत."

"संच मोडतो आमचा."

"मोडू दे. या वेळी जेली बरी जमली?"

ती चिडून म्हणाली, "मला पहिल्यापासून येते. चांगली केली असती तर वड्या ठेवून तुम्ही लगेच परत गेला असतात. तक्रार करायला थांबला असतात का?"

"मग आता का चांगली केली?"

"कारण तुम्ही नुसती तक्रारच करत राहिलात. मी किती दिवस पातळ करू…"

मी कपाळाला हात लावला. उन्हाळाभर जेली प्यालो होतो मी, चमच्यानं नाही, वाडगा तोंडाला लावून.

"वाडगा इथेच राहील," मी म्हणालो. "तूही राहा."

"असं विचारतात?"

"मला असंच येतं."

तिनं भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं. पण मावशीला तुम्ही सांगायचं. वाडग्याचंही."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर मिसाओ गेली; त्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. रोज सकाळी निळ्या वाडग्यात जेली भरून तिच्या फोटोपुढे ठेवतो. कृती तोंडपाठ आहे, तरी सगळं एकत्रच उकळतो. घट्ट झाली तर तिला वाटेल, मी निरोप घेतोय.

संध्याकाळी वाडगा खाली उतरवतो. भरलेला असतो. तेवढा रिवाज ती अजून पाळते.