बुटका ओटा

"खबरदार! आत पाऊल टाकलंस तर याद राख!"

ताईचा आवाज असा कडाडला की धाकटा भाऊ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकला, आणि मागून येणारी त्याची बायको थेट त्याच्या पाठीवर आदळली. समोरचं स्वयंपाकघर ओळखू येत नव्हतं! दारापासून आत पसरलेली नवी कोरी करडी फरशी, अजून ओली, सांध्यासांध्यांतून सिमेंट वर आलेलं; सगळी कपाटं गर्द हिरव्या रंगाची; आणि पार पलीकडे, ओट्यापाशी, केसांना फडकं गुंडाळलेली, कपाळावर हिरवा फराटा, कोपरापर्यंत सिमेंट, अशी ताई... हातात थापी घेऊन उभी! एका फरशीएवढीच उघडी जागा उरली होती आणि तेवढ्या जागेत ती दोन्ही पाय जुळवून उभी होती.

"अगं, पण तू तिकडे काय करतेयस? बाहेर ये!"

"कशी येऊ? उडत?"

भावजयीच्या डोक्यात आधी प्रकाश पडला. "अहो, ताई अडकल्यात! दारापासून फरशी लावत आत गेल्या आणि..." पुढचं तिला बोलवेना. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू काही दाबलं गेलं नाही.

हसा, हसा! ताईला का हे ठाऊक नव्हतं? फरशीच्या दुकानदाराने तिला बजावून सांगितलं होतं की पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करा आणि दाराशी संपवा. पण भावाचे फोनवरचे शब्द तिच्या काळजात रुतून बसले होते, "तुला काय जमणार आहे फरशी? उगाच पसारा घालशील, घर बघायला येणारी माणसं दारातूनच परत जातील." दारातून! मग दारच आधी चकाचक करायचं, पाहणाऱ्याचे डोळे दारातच दिपवायचे, असं तिच्या मानी मनाने घेतलं ते घेतलंच. आणि खरं सांगायचं तर सवयही होती मेली. जन्मभर सगळ्यांचं आधी आणि आपलं शेवटी... फरशी लावतानाही तिची स्वतःची उभं राहण्याची जागा तेवढी शेवटी राहिली!

"बरं, हस नंतर," भाऊ बायकोवर खेकसला. "संध्याकाळी ती माणसं घर बघायला येणार, त्याचं काय करायचं?" आणि बोलता बोलता त्याची नजर अडखळली. "ताई... हा ओटा असा खाली का आलाय?"

"कापला."

"कापला म्हणजे?"

"म्हणजे करवतीने. खालची कपाटं तळातून कापली, वरची उतरवून माझ्या हाताशी ठोकली. भोकं पाडायचं यंत्र शेजारणीकडून आणलं. दंड भरून आलेत, पण कापला!"

भावाने ओट्यावरून कपाटांकडे आणि कपाटांवरून पुन्हा ओट्याकडे पाहिलं. अख्खं स्वयंपाकघर बुटकं झालं होतं! "अगं, थोडा रंग मार म्हटलं होतं मी, घर जरा बरं दिसावं म्हणून! हे असलं बाहुलीचं स्वयंपाकघर कोण घेणार विकत? तू मुद्दाम केलंस हे!"

"हो, मुद्दाम! मुद्दाम केलं! त्यांना म्हणावं, घर घ्यायचं तर गुडघ्यावर बसून स्वयंपाक करा!"

"कुणासाठी विकतोय मी हे घर? आमच्याकडे चल म्हणतोय, तुझ्यासाठी वेगळी खोली ठेवली आहे. आता तुला काही करायचं नाही, नुसतं बसून राहायचं..."

"बसून राहायचं!" ताईने थापी ओट्यावर आपटली. इतका वेळ आवरून धरलेलं अंतःकरण एकाएकी उफाळून आलं. "विचारलंस मला? एकदा तरी? आई गेली तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. मला या खोलीत आणून उभं केलं आणि सांगितलं, आता हे तुझं. केलं मी! हूं की चूं न करता केलं! आणि आता म्हणता, हेही तुझं नाही, ऊठ! मी काय जुनं कपाट आहे, या भिंतीवरून काढून त्या भिंतीला लावायला?"

तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. हात सिमेंटने भरलेले होते, आणि शिवाय आपण रडतोय हे कुणापासून लपवायचं, असंही तिला वाटलं. पाय अवघडला म्हणून तिने तो जरासा उचलला... आणि भावाला तिच्या पायांभोवती, जुन्या कोब्यात, चार खड्डे दिसले. वाटीएवढे, गुळगुळीत झिजलेले, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखे नेमके.

"ते खड्डे कसले गं?"

ताईने खाली पाहिलं. मग वर. "तुझ्या डब्यांचे."

"माझ्या...?"

"विसरलास? हा ओटा आईच्या उंचीचा होता. ती उंच, बाबांच्या कानाला लागायची. ती गेली तेव्हा माझं नाक जेमतेम ओट्याला लागत होतं. बाबांनी लोखंडी स्टूल आणून दिलं. म्हणाले, वाढशील तेव्हा काढून टाकू. मी काही वाढले नाही रे... स्टूल तिथंच राहिलं. त्यावर उभं राहून तुझा शाळेचा डबा, कॉलेजचा डबा, मग तुझ्या नोकरीचा. मला बघायला आलेले लोक म्हणाले, भावाला मागे ठेवून यावं लागेल, तेव्हा त्यांना 'नको' म्हणून सांगायला जाताना खाली उतरले, तेवढीच. परत चढले! तू बुटकी-बुटकी म्हणून चिडवायचास आणि मी वरून तुझ्या डोक्यावर टपली मारायचे... त्या स्टुलाचे पाय आहेत हे. स्टूल उचलून गॅलरीत टाकलं तेव्हा मलाही पहिल्यांदाच दिसले."

भाऊ हळूहळू खाली बसला, उंबऱ्यावरच, लहानपणी भूक लागली की बसायचा तसा. या ओट्यावरचं त्याने आयुष्यभर खाल्लं होतं, पण ते करणारीचे पाय कुठे होते हे त्याने कधी पाहिलं नव्हतं!

"ताई... मला वाटायचं, तू कंटाळली असशील या खोलीला."

"कंटाळले होते! स्टुलाला! खोलीला नव्हे! एकदा तरी माझ्या स्वयंपाकघरात मला जमिनीवर उभं राहायचं आहे, समजलं? मग विका, नाहीतर जाळा!"

भावजय उंच होती, दाराच्या चौकटीला डोकं लागेल अशी. ती एवढा वेळ कपाटांच्या हिरव्या दारांकडे टक लावून पाहत होती. ती हळूच म्हणाली, "विकायचं कशाला? तुम्ही इतकी वर्षं टाचा उंचावल्यात. आम्ही इथे आलो की चार घटका वाकू. कंबर मोडत नाही त्याने."

भावाने फोन काढला. "संध्याकाळी येऊ नका," तो घर बघायला येणाऱ्या माणसांना सांगत होता. "नाही, किमतीचा प्रश्न नाही. घर रिकामं नाही. माझी बहीण राहते इथे."

फोन ठेवून त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, ती शेवटची फरशी लावू नकोस. ते खड्डे राहू देत. इथे आलो की मला दिसायला हवेत."

"वा रे शहाण्या!" ताई उसळलीच. "तुला आठवण हवी म्हणून मी जन्मभर खड्ड्यात पाय ठेवू? तुला दिसले ना? झालं! आता बुजवते!"

आणि ज्या ओट्यावर तिने कधी कुणाला बसू दिलं नव्हतं त्यावर ती स्वतः चढली, पालथी पडली, खाली लोंबकळून चारही खड्डे थापीने भरले आणि शेवटची फरशी अशी दणकून बसवली की भावजयीने टाळ्याच वाजवल्या. मग फरशी सुकेपर्यंत ती तिथेच ओट्यावर पाय हलवत बसून राहिली, आणि भावजयीने पुसण्याच्या लांब दांड्याला पिशवी अडकवून तिच्यापर्यंत घरून आणलेल्या पोळ्यांची गुंडाळी पोहोचवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी दगडासारखी पक्की झाली होती. ताई ओट्यावरून उतरली. दोन्ही तळपाय पूर्ण टेकवून उभी राहिली, कोपरं ओट्याला सहज लागली, वरच्या कपाटातला डबा हाताला आला... आणि जन्मात पहिल्यांदा तिला आपल्या स्वयंपाकघरात कुठेही अंग ताणावं लागलं नाही.

भाऊ भाजी चिरायला आला. ओट्यावरच्या फळीवर वाकला, कंबर धरली, पुन्हा वाकला. मग गॅलरीत जाऊन ते जुनं लोखंडी स्टूल घेऊन आला, त्याच्या चारही पायांना फडकी बांधली, ते ओट्याशी ठेवलं आणि मान खाली घालून त्यावर बसला.

ताईने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "बारीक चीर," ती म्हणाली.