उशिरा झालेली तपासणी

होबार्टच्या गोदीवर वारा असा सुटला होता, की पाय या खाऱ्या पेस्ट्रीच्या दुकानात शिरताना टॅमसिन थेट एका माणसावर आदळली. माफी मागतानाच तिची नजर त्याच्या गळ्यातल्या संगणक-संमेलनाच्या बिल्ल्यावर गेली... फर्गस!

"माझ्या कोडमधल्या तपासण्या छाटत सुटलेले ते तुम्हीच का?"

"फक्त वायफळ तपासण्या, बाईसाहेब," तो हसला.

हसू लाघवी होतं. टॅमसिनला लाघवी माणसांचाच संशय यायचा. कर्नेलचा, म्हणजे संगणकाच्या पायाभूत कोडचा, एक कोपरा ती सांभाळत होती; त्यात इतरांनी सुचवलेले बदल तिच्या मंजुरीनेच जात. मागे अशाच एका गोडबोल्याचा बदल तिने डोळे मिटून मंजूर केला, आणि भर समुद्रात जहाजांवरची यंत्रं बंद पडली. बोल तिलाच लागला.

"दुपारी कॉफी घ्यायची?" फर्गसने विचारलं.

"बदल मंजूर करून घ्यायला?"

"छे हो! तुमच्यासाठी..."

"बघू," म्हणत ती सभागृहात गेली, आणि त्याचा ताजा बदल उघडून बसली.

संशय खरा निघाला. एके ठिकाणी कोड संगणकाच्या स्मृतीतला एक पत्ता आधी वापरत होता, आणि तो रिकामा तर नाही ना, हे नंतर तपासत होता. वापरून झाल्यावर तपासून काय उपयोग, म्हणून फर्गसने तपासणीच उडवली होती. पण पत्ता कधीकधी खरंच रिकामा येई! तपासणी वायफळ नव्हती, उशिरा होत होती. ती गेली असती, तर खरा दोष कायमचा दडला असता.

सभागृहातच बसलेल्या फर्गसपुढे तिने लॅपटॉप ठेवला. "मुद्दाम केलंत?"

तो कानापर्यंत लाल झाला. "नाही हो! पत्ता रिकामा येऊ शकतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

फर्गसने तिथेच मेलिंग लिस्टवर सर्वांना लिहिलं — 'चूक माझी. टॅमसिनने पकडली. तपासणी काढू नका, वर न्या. यापुढे माझे बदल दुसऱ्या कुणी तपासावेत.'

तपासणीआधीच पत्ता वापरणारी ती वरची ओळ मुळात कुणी लिहिली होती, याबद्दल चकार शब्द नाही. ती टॅमसिननेच लिहिली होती.

"दुसऱ्या कुणी का?" तिने डोळे बारीक केले. "आता हा काय नवा डाव?"

"तू तपासत राहिलीस, तर माझी प्रत्येक कॉफी तुला लाच वाटेल." तो अडखळला. "मला... मला तू आवडतेस गं."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. खोट सापडेना. शोधायचं मात्र तिने थांबवलं नाही.

"कॉफी मी पाजणार," ती म्हणाली. "म्हणजे लाचेचा प्रश्नच नको."

आणि त्याची बाही धरून ती दाराकडे निघाली.