दातातला दात

अंबुजा गुरव चौथ्यांदा आली तेव्हा डॉ. वैजयंती हुपरीकर मनातून वैतागली होती. पडद्यावर दात स्वच्छ दिसत होता. सुळ्याच्या अलीकडचा, वरचा छोटा दात. मुळाची नळी साफ, शेवटपर्यंत भरलेली. हा सूर्य, हा जयद्रथ. तरी ही पोरगी म्हणते दुखतंय!

"फुंकलं की ठणकतंय, मॅडम," अंबुजा म्हणाली. "परवा लग्नात सनई मध्येच थांबवली. नवरीचा मामा अंगावर धावून आला."

मिरजेत आता रूट कॅनाल हातानं कुणीच करत नव्हतं. केसाहून बारीक रोबो, 'मूलशोधक', दातात सोडला, की तो मुळापर्यंत जाऊन सगळी घाण खरवडून काढी. लोक त्याला अळी म्हणत. दाताची कीड खायला दुसरी अळी! डॉक्टरनं फक्त पडद्यावरचा नकाशा पाहून 'मान्य' दाबायचं. वैजयंती आठ वर्षं ते दाबत होती. अलीकडे तर न बघताच.

त्या दिवशी तिनं यंत्रानं दुरुस्त करण्याआधीचं कच्चं चित्र उघडलं. सद्‌बुद्धी सुचली म्हणून नव्हे, पोरीचं तोंड बंद व्हावं म्हणून.

पेशंट हलतो, आवंढा गिळतो, चित्रात डाग येतात. यंत्र ते पुसतं. कोट्यवधी दातांमध्ये जे क्वचितच दिसतं, तेही त्याच्या लेखी डागच. अंबुजाच्या दाताच्या पोटात असाच एक डाग होता. चारही वेळच्या चित्रांत, त्याच जागी. वैजयंतीनं चित्र मोठं केलं आणि तिचे कान लाजेनं तापले. दात जबड्यात घडत असताना कधी त्याचं कवच आत दुमडतं आणि दातातच दुसरा दात तयार होतो. त्या घडीत पू साठला होता. अळी शेजारची नळी चकाचक करून परत आली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथं यंत्रानं वाकडं अंगण सरळ धरून नाच उरकला होता.

"तुझं खरं होतं," ती म्हणाली. "मागच्या खेपेला मनाचे खेळ समजून मी तुला झोपेच्या गोळ्या दिल्या. चुकलंच माझं."

अंबुजा रागावली नाही, मग आता काय करायचं एवढंच तिनं विचारलं. ते जास्त लागलं.

चित्राची दुरुस्ती बंद करून अळी पाठवायचा प्रयत्न वैजयंतीनं तीनदा केला. अनोळखी आकार दिसला की अळी दाराशीच थांबे. अळी बनवणाऱ्या कंपनीला विचारलं, तर उत्तर आलं, 'दात काढावा.' पण पुवानं आजूबाजूचं हाड इतकं खाल्लं होतं, की तिथं कृत्रिम दात रोवणंही अवघड होतं. समोर खिंडार पडलं की सनईच्या पत्तीवर ओठ कशाच्या आधारानं धरायचा? अंबुजाचं पोट त्या फुंकरीवर होतं.

राहिला हात. वैजयंतीच्या बॅचपासून हाताचं काम अभ्यासक्रमातून गेलं होतं. तिनं जुने डॉक्टर शोधले. एक वारले होते, दुसऱ्यांचे हात कापत होते. मग बारीक सुया मागवून तिनं आठवडाभर काढलेल्या दातांवर सराव केला. अकरापैकी आठ दात फुकट गेले. सुई कुठं अडते, कुठं वळते, बोटांना काही कळतच नव्हतं. शेवटच्या दिवशी ती टेबलाशी बसून रडली.

सोमवारी अंबुजा खुर्चीत बसली. वैजयंतीनं काहीच लपवलं नाही.

"मी हे जिवंत माणसाच्या दातावर कधीच केलेलं नाही. सुई बाजूनं बाहेर गेली, तर दात गेलाच म्हणून समज."

"आणि नाही केलं तर?"

"तरी जाईल. महिन्याभरात."

"यंत्राला तुम्ही शिकवू शकत नाही?"

"मलाच येत नाही, तर त्याला काय शिकवू?"

अंबुजानं ओठांवरून जीभ फिरवली. वैजयंतीनं सगळ्यात बारीक सुई चिमटीत धरली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "ज्यानं हे पहिल्यांदा हातानं केलं असंल, त्याच्या खुर्चीत कोण बसलं असंल हो? आणि त्याचा दात राहिला का?"