तणसाचा गोऱ्हा

पटलं नाही तर सोडून द्या, पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं. साल चौऱ्याहत्तर, गाव नागपूर.

आणि वेळ रात्रीची नाही... मे महिन्यातली भर दुपार.

रुपरावमामा भिवापूरकडच्या शेतकरी घरातला. नागपुरात एका संशोधनशाळेत जनावरांच्या गोठ्यावर नोकरीला होता. तिथले डॉक्टरसाहेब वासरांच्या हृदयात नकली झडप बसवून पाहत. जनावरांत टिकली, तर पुढे माणसांत बसवायची.

ऑपरेशन साहेबांचं, पण नंतरची सगळी उस्तवार मामाची. वासराला शिवलेल्या कुशीवर पडू द्यायचं नाही. सारखं उठवायचं. कोमट दूध पाजायचं.

आणि ऐकायचं.

त्या झडपेचा आवाज बाहेर येई.

टक्... टक्... टक्...

शांत गोठ्यात तो खाटेवरूनही ऐकू येई. टकटक आहे म्हणजे वासरू आहे. मामा त्या भरवशावर बसल्या बसल्या डुलकी काढायचा.

पहिला गोऱ्हा थोडे दिवस जगला आणि गेला. साहेबांनी झडप काढून कपाटातल्या बरणीत ठेवली. कातडं मामाने मागून घेतलं, मीठ लावून वाळवलं. मामाला त्या पोराचा फार लळा लागला होता. तो दोन दिवस नीट जेवला नाही.

मग दुसऱ्या गोऱ्ह्याचं ऑपरेशन झालं. हा डेअरीच्या दुधाला तोंडच लावेना. पहिल्याची आई, बांडी गाय, तिथेच बांधलेली होती. पण पुढ्यात वासरू नाही, तर ती पान्हा सोडेना.

मामाने मग गावाकडे करतात तेच केलं. कातड्यात धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरलं, शिवलं आणि ते वासरू गाईपुढे उभं केलं. कुशीवरचे ऑपरेशनचे टाके तसेच होते.

गाय चाटू लागली. पान्हा सुटला.

"रुपराव, हे काय करून ठेवलंत?" साहेब वैतागले.

"तिले तिचं पोरगं दिसलं पाहिजे ना साहेब! मी ह्याले मरू नाही देत. एक गेला तेवढा पुरे."

गोऱ्हा घटाघटा दूध प्यायला. हळूहळू पायांवर उभा राहू लागला. मामा तर हरखूनच गेला. "हा वाचते आता," असं ज्याला त्याला सांगत सुटला.

एकच गोष्ट त्याला खटके. गाय त्या तणसाच्या गोऱ्ह्याला फक्त टाक्यांवर चाटायची. मधेच थांबायची...

कान टवकारून ऐकायची.

त्या दुपारी बाहेर झळा मारत होत्या. कूलर घरघरत होता. मामाच्या खाटेच्या डावीकडे गोऱ्हा झोपलेला, उजवीकडे गाय आणि तिचं तणसाचं पोर. मामाचे डोळे जड झाले.

लाइन गेली.

कूलर थांबला. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

टक्... टक्... टक्...

चालू आहे. मामाला हायसं वाटलं. त्याने पुन्हा डोळे मिटले. बऱ्याच वेळाने दुधाची आठवण होऊन तो उठला, तेव्हाही आवाज येतच होता.

पण तो येत होता... उजवीकडून.

मामा गोऱ्ह्याकडे धावला. गोऱ्हा शिवलेल्या कुशीवर पडला होता. मामाने नाकाशी हात धरला.

श्वास नव्हता. पाय लाकडासारखे ताठ झाले होते. कधीचा गेला होता बिचारा.

आणि पाठीमागे...

टक्... टक्... टक्...

बांडी गाय टाके चाटत होती. तिच्या आचळांतून दूध आपोआप जमिनीवर गळत होतं.

साहेब आले. आधी त्यांनी कपाट उघडलं. पहिल्या गोऱ्ह्याची झडप बरणीतच होती. मग त्यांनी तणसाच्या गोऱ्ह्याच्या कुशीला छाती तपासायची नळी लावली. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"जाळून टाका हे, रुपराव."

"साहेब... चालू हाये ना अजून." मामा रडायलाच लागला. "जित्याले कसा जाळू मी?"

पुढे त्याचं काय केलं, ते मामाने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याने नोकरी सोडली आणि तो गावी परतला.

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही त्याच्याकडे जायचो. दुपारी लाइन गेली की मला जाग यायची, तर मामाचा हात माझ्या नाकाशी.

"काहून गा मामा?"

"काही नाही गा. झोप तू."

घोरणाऱ्या माणसाच्याही नाकाशी तो हात धरून पाहायचा. कानांवर त्याचा विश्वासच उरला नव्हता.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या मे महिन्यात दुपारी आमच्याकडे लाइन गेली. माझी लेक शेजारी झोपली होती. खोलीत कुठेतरी काहीतरी टकटकत होतं... बंद पडता पडता पंखा वाजत असेल.

मी तिच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता.

पंखा केव्हाच थांबला होता. टकटक चालूच होती. मी हात काढला नाही.