सोन्याला नजर

जिना पळत उतरायची तिची सवय जुनी. त्या दिवशी ती तळघराच्या शेवटच्या पायरीवर पोहोचते न पोहोचते तोच समोरचं दार उघडलं आणि चष्मा लावलेला एक उंच माणूस ओठांवर बोट ठेवून उभा राहिला.

"हळू..."

"का? कुणी झोपलंय?"

"सोन्याचे कण बघतोय," तो म्हणाला. "तुम्ही जिन्यावर होतात, ते मला पडद्यावर दिसलं."

तिला हसूच फुटलं. तिच्या पावलांबद्दल तक्रारी पुष्कळांनी केल्या होत्या. ती पावलं पडद्यावर पाहणारा मात्र हा पहिलाच.

संशोधन संस्थेत त्याला सगळे 'हळू'च म्हणत. तळघरातला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तो सांभाळायचा. छताला टेकेल एवढं ते यंत्र उजेडाने नव्हे, इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहायचं. मोठ्याने बोललं तरी चित्र थरथरे. म्हणून तिथे बोलायचं ते कुजबुजत, आणि कुजबुजायचं म्हणजे खुर्च्या जवळ ओढायच्या... त्याला कोण काय करणार?

ती सोनाराची मुलगी. अभ्यासही सोन्याचाच, पण हजारो कण ओळीने मांडले तरी केसाची जाडी भरून निघू नये, इतक्या बारीक सोन्याचा. एवढं लहान झालं की सोन्याचा स्वभाव पालटतो. वितळायलासुद्धा कमी आच पुरते. फोनवर बाबा चिडवायचे, "एवढंसं सोनं! त्यात वितळवताना जाणारी घट किती धरू गं?"

"तुम्ही नुसती फुंकर मारलीत, तर माझं अख्खं दुकान उडेल, बाबा."

पडद्यावर ते कण काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. दोन ठिपके एकमेकांकडे सरकत, मधे बारीकशी मान तयार होई आणि बघता बघता दोघांचा एक थेंब होऊन जाई.

"चिकटले," ती कुजबुजायची.

"लाज म्हणून नाही. लोकांसमोर..."

"आणि तुमचं लक्ष कुठे आहे?"

"पडद्यावर."

"पडदा इकडे आहे."

तो घाईघाईने मान वळवायचा.

तिला एक मोठी गोष्ट सापडली होती. चहाच्या कपाइतक्या उबेत तिचे कण एकजीव होत होते. इतक्या कमी उबेत हे घडतं, असं तिच्या वाचनात कुठेच आलं नव्हतं. शुक्रवारी तिच्या मार्गदर्शक मॅडमसमोर आणि बाहेरून येणाऱ्या जाणकारांसमोर ती हे मांडणार होती. त्यांना पटलं, तर पुढच्या संशोधनाचा विषय तिचा स्वतःचा, तिच्या नावाचा होणार होता.

मंगळवारी त्याने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाला, "एक बोलू? रागावणार नसाल तर..."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"तुमच्या सोन्याला नजर लागली असावी."

"कुणाची?"

"आपली. हा झोत नुसता बघत नाही, कणांना ढकलतोही. ते जवळ आले ते उबेमुळे नव्हे... आपण इतकं टक लावून बघत होतो, म्हणून असेल."

तिचे कान तापले. झोत वाढवायला तीच सांगायची. 'अजून थोडा वाढवा ना, नीट दिसत नाही.' ते मीलन बघण्याची हौस तिचीच होती! सोनाराची पोर, आणि सोनं कसाला लावायच्या आधीच मिरवायला निघाली होती.

"नवीन कण ठेवा," ती शेवटी म्हणाली. "झोत बंद. ऊब तेवढीच द्यायची, पण बघायचं नाही. मग एकदाच, अगदी मंद झोतात बघू."

पडदा काळा झाला. यंत्राची बारीक घरघर तेवढी उरली. बघायला काहीच नव्हतं, त्यामुळे दोघांनी बघायचं कुठे हाच मोठा प्रश्न पडला. दोघंही आळीपाळीने आपापल्या नखांकडे बघत राहिले.

मग त्याने झोत सोडला. पडद्यावरचे सगळे कण जागच्या जागी होते, सुशील शेजाऱ्यांसारखे अंतर राखून.

"मॅडमना सांगून शुक्रवारचं पुढे ढकलू या?" त्याने विचारलं.

"नको. बोलायचंय तर शुक्रवारीच."

शुक्रवारी तिने आधी कणांचं ते एकजीव होणं दाखवलं. सभागृहात वा वा झाली. तेवढ्यावर थांबली असती, तर कुणी काही विचारलं नसतं.

"हे उबेने झालं असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "ती माझी चूक. हे आमच्या बघण्याने झालं." आणि तिने दुसरं चित्र लावलं.

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे विषय गेला."

"गेला, मॅडम." तिने मान ताठच ठेवली.

"बघण्याने कण किती सरकतात, ते मोजलंस?"

"अजून नाही."

"मग हातावर हात धरून बसणार आहेस का? हाच तुझा विषय. लाग कामाला."

शेवटच्या रांगेत कुणीतरी एकटंच टाळ्या वाजवायला लागलं. सगळ्यांनी माना वळवल्या, तरी त्या थांबेनात.

बाहेर व्हरांड्यात तो तिची वाट बघत उभा होता. "मला तुमचा फार अभिमान वाटला," तो म्हणाला.

"अभिमान?" तिने बॅग छातीशी धरली, आतली धडधड ऐकू जाईल की काय, असं वाटलं तिला. "परक्याचं कौतुक असतं. अभिमान आपल्या माणसाचा वाटतो. मी कोण तुमची?"

त्याने चष्मा पुसला. लावला. पुन्हा काढला.

"ते... तूच ठरव."

शब्द निसटला तसा तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे, तुम्ही..."

"आता मागे घ्यायचं नाही," ती म्हणाली. "मी केव्हाच ठरवलंय. चल, बाबांना फोन लावू. चूक झाली तेही सांगते... आणि ती कुणी दाखवली तेही."

"रागावतील?"

"विचारतील, 'मुलगा कसाला लावलास का?'"

"मग? काय सांगशील?"

"सांगेन, खणखणीत आहे," ती म्हणाली, आणि भर व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत तिने त्याचा हात हातात घेतला.