सीटवरचं वजन

नवा ट्रॅक्टर गाडीतून उतरवला तेव्हा तो इतका लहान दिसला, की वडिलांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हा पूर्ण आलाय, की बाकीचा उद्या येणार आहे?"

"लहान आहे म्हणूनच घेतला," ती म्हणाली. "झाडांच्या ओळींत हत्ती घालायचाय का?"

घरात तिला 'फौजदार' म्हणत, आणि ते काही उगाच नाही. गुडघे गेले आणि मुलगाही गेला, तेव्हा वडील ही फळबाग शेजाऱ्याला विकायला निघाले होते. हिने शहरातली नोकरी सोडली, घरी येऊन ठाण मांडलं आणि एक हंगाम मागून घेतला. वडिलांनी एकच अट घातली. "तू उतरलीस की इंजिन बंद पडलं पाहिजे. एकदा जरी पडलं नाही, तर ट्रॅक्टर परत जाईल आणि बाग विकली जाईल."

अटीमागे कारण होतं. मागे जोडलेलं गवत कापायचं यंत्र फिरत असताना चालक उठला, तर इंजिन आपोआप थांबावं म्हणून सीटखाली स्विच असतो. जुन्या ट्रॅक्टरलाही होता. तिच्या दादाला त्या स्विचचा भारी वैताग. फांदी बाजूला करायला उतरलं की इंजिन बंद. पुन्हा चढा, पुन्हा चालू करा. मग त्याने शक्कल लढवली. उतरताना सीटवर वाळूचं पोतं ठेवायचं. खालच्या उतारावर एकदा चाकापुढचा दगड काढायला तो उतरला. पोतं इमानेइतबारे बसून राहिलं आणि ट्रॅक्टर त्याच्या अंगावरून गेला.

तिने मात्र आठवडाभरातच नव्या ट्रॅक्टरशी गट्टी जमवली. क्लच लोण्यासारखा, स्टेअरिंग एका बोटाने फिरणारं. सकाळी गारठ्यात तो जरा कुरकुरायचा, पण तशी तीही कुरकुरायची. एकच खोड होती. ती बुटकी, म्हणून सीट पार पुढे ओढून बसायची. आणि सकाळी शेडमध्ये बघावं तर सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे गेलेली असायची. बाबा गुपचूप बसून बघत असतील, म्हणून तिला हसू आलं. मग आठवलं, त्यांना ओट्याची पायरीही धड चढवत नाही.

एवढ्या मागे सरकून बसायला पाय चांगले लांब लागतात. दादाचे होते.

हा विचार तिने झटकून टाकला. कामं पडली होती.

खालच्या उतारावर गवत कापताना एक मोडकी फांदी आडवी आली. तिने ब्रेक लावून ठेवला आणि उतरली. फांदी ओढून बाजूला केली, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की इंजिन चालूच आहे. तिने घाईने किल्ली फिरवून ते बंद केलं आणि चोरासारखं घराकडे बघितलं. ओट्यावर कोणी नव्हतं.

मेकॅनिक आला. सीट उचलून त्याने स्विच तपासला, तारा तपासल्या, शेडसमोर स्वतः बसून उठून दाखवलं. इंजिन प्रत्येक वेळी थांबलं.

"ताई, स्विच एकदम ठणठणीत आहे. वजन असल्याशिवाय हा चालूच राहणार नाही."

"उतारावर राहतो."

"मग उतारावर कोणीतरी बसत असेल," तो हसून म्हणाला. ती हसली नाही, तसा तोही अवजारं आवरू लागला.

तिने वडिलांना काही सांगितलं नाही. बाग हातची जाऊ द्यायची नव्हती. पण एका दुपारी वडीलच काठी टेकत उतारापर्यंत आले. मुलगा गेल्यापासून तिथे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

"उतरून दाखव," ते म्हणाले.

काहीतरी कारण काढून टाळता आलं असतं. पण टाळाटाळ तिच्या रक्तात नव्हती. तिने ब्रेक लावला आणि खाली उडी मारली.

इंजिन चालू राहिलं.

वडिलांनी काठी जमिनीत रोवली. आता ते ओरडणार, म्हणून ती थांबली. त्यांचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ते सीटकडे बघत होते.

तिनेही बघितलं. सीटची गादी मधोमध दबली होती. तिच्या डोळ्यांदेखत सीट खाच खाच करत मागे सरकली.

वडील एक पाऊल पुढे गेले.

"ऊठ रे," ते म्हणाले. जेवायला हाक मारावी इतक्या साध्या आवाजात. "पुरे झालं. घरी चल."

गादी हळूहळू वर आली.

इंजिन थांबलं.

वडील वळले आणि काठी टेकत सावकाश घराकडे निघाले. मध्ये एकदा थांबून त्यांनी मागे बघितलं, कोणी मागे राहिलं तर नाही ना, असं. वाटेवर ते एकटेच होते.

त्यानंतर ट्रॅक्टरने तिला दगा दिला नाही. तिने संध्याकाळपर्यंत सगळा उतार कापून काढला, दहा वेळा उतरली, दहाही वेळा इंजिन थांबलं. सीट ठेवली तिथेच राहिली. आता बाग वाचेल, या आनंदात शीळ घालत तिने हातपाय धुतले आणि बैठकीच्या खोलीत आली.

वडील सोफ्याच्या एका कडेला पेपर वाचत बसले होते. बऱ्याच दिवसांनी चेहरा निवांत होता.

"बागेचं आता तूच बघ," ते म्हणाले. "शेजाऱ्याला नाही म्हणून कळवलं."

ती धपकन त्यांच्या शेजारी बसणार, तोच त्यांनी पेपरमधून डोळे न काढता हात आडवा धरला.

"तिथे नको. खुर्ची घे."

तिने खाली बघितलं. त्यांच्या शेजारची गादी मधोमध दबली होती.